मुलं स्त्री-पुरुष भेदाबद्दल विचारतात तेव्हा विज्ञानाच्या शिक्षकाने काय सांगावं?

प्रश्न असा आहे: नववी-दहावीला आनुवंशिकता आणि प्रजनन शिकवताना मुलं पुस्तकाच्या पलीकडचं विचारतात. एक्सएक्सवाय गुणसूत्रं म्हणजे मुलगा की मुलगी? तृतीयपंथीयांची गुणसूत्रं वेगळी असतात का? माणसाला लिंग बदलता येतं का? पाळीच आली नाही तर? अशा वेळी किती सांगायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि कुठे थांबायचं?

यातली बहुतेक अडचण लाजेमुळे येत नाही. एका प्रश्नात तीन-चार प्रश्न गुंतलेले असतात आणि शिक्षक त्या सगळ्यांना एकच उत्तर देऊ बघतो, तिथे गाडी अडते. म्हणून पाठाच्या पहिल्याच तासाला फळ्याच्या डाव्या कडेला एक उभी यादी लिहावी आणि पाठ संपेपर्यंत ती पुसू नये: युग्मकं (अंडपेशी, शुक्रपेशी), गुणसूत्रं, जननग्रंथी (वृषण, अंडाशय), संप्रेरकं, अवयव. त्याखाली एक आडवी रेघ. रेघेखाली दोन गोष्टी: व्यक्तीची स्वतःबद्दलची ओळख, आणि समाज व कायदा. प्रश्न आला की आधी वर्गालाच विचारावं, हा यातल्या कुठल्या ओळीचा? दोन-तीन दिवसांत मुलं स्वतःच प्रश्न लावायला शिकतात. रेघेखालचं काही कमी खरं नसतं. फक्त ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येत नाही, एवढंच.

व्याख्येची सुरुवात युग्मकांपासून करावी, गुणसूत्रांपासून नाही. ज्याची शरीररचना लहान, हालचाल करणारी आणि मोठ्या संख्येने तयार होणारी युग्मकं बनवण्यासाठी घडलेली असते तो नर. मोठी, अन्नसाठा असलेली, मोजकी युग्मकं बनवण्यासाठी घडलेली असते ती मादी. माणसाची अंडपेशी साधारण ०.१ मिलिमीटर व्यासाची असते, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढी दिसेल अशी. शुक्रपेशी शेपटीसकट ०.०५ मिलिमीटर लांब, आणि तिचं डोकं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं. ही व्याख्या पपईला लागू पडते, कोंबडीला लागू पडते आणि माणसालाही. या दोन्हींच्या मधलं तिसरं युग्मक माणसात नसतं, म्हणून या ओळीवर "लिंगं दोन" हे उत्तर बरोबर आहे आणि ते न बिचकता सांगावं. "प्रत्येक माणसाचं शरीर या दोन साच्यांपैकी एकात तंतोतंत बसतं" हे मात्र वेगळं विधान आहे, आणि ते चूक आहे. जो शिक्षक पहिलं विधान लपवतो त्याच्यावर मुलं विश्वास ठेवत नाहीत. जो दुसरं ठासून सांगतो त्याला नववीच्याच पुस्तकातला टर्नर सिंड्रोम, म्हणजे दोनऐवजी एकच एक्स असण्याची स्थिती, खोटं पाडतो. दोन्ही विधानं एकाच तासात, एकामागून एक सांगावीत.

आता गुणसूत्रं. "मुलगा की मुलगी हे कोण ठरवतं?" हा प्रश्न परीक्षेलाही येतो आणि घरातही. पेशीत २३ जोड्या, त्यातली एक लिंग गुणसूत्रांची. अर्धगुणसूत्री विभाजनात आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक एक्स येतो, वडिलांच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स आणि निम्म्यांत वाय. इथवर सगळे शिकवतात. चूक होते ती आई-बाबांची गुणसूत्रं जुळवून दाखवणाऱ्या चार घरांच्या तक्त्यात. मुलं त्या चार घरांना चार मुलं समजतात आणि "दोन मुली झाल्या, आता मुलगाच" असा निष्कर्ष काढतात. हा गैरसमज शब्दांनी जात नाही. मणी घ्यावे लागतात.

दोन जाड कापडी पिशव्या घ्या. 'आई'च्या पिशवीत २० लाल मणी, म्हणजे एक्स. 'बाबां'च्या पिशवीत १० लाल आणि १० पांढरे, म्हणजे एक्स आणि वाय. मणी एकाच आकाराचे आणि सारखेच गुळगुळीत हवेत. मण्यांऐवजी राजमा आणि वाटाणे वापरले तर बोटांना फरक कळतो आणि मुलं हवं ते काढतात. प्रत्येकाने दोन्ही पिशव्यांतून न बघता एकेक मणी काढायचा, लाल-लाल आलं तर मुलगी आणि लाल-पांढरं आलं तर मुलगा अशी वहीत नोंद करायची, मणी परत टाकायचे, पिशवी हलवायची. असं दहा वेळा. मणी परत टाकणं राहिलं तर प्रमाण बदलत जातं आणि सगळा प्रयोग फसतो, म्हणून प्रत्येक जोडीत एकाने फक्त यावर लक्ष ठेवावं. आईच्या पिशवीतून प्रत्येक वेळी लालच येतो, मग काढायचा कशाला, अशी कुरकुर होते. ती होऊ द्यावी. आईकडून एक्सच येतो हे त्या कुरकुरीतून जेवढं पक्कं बसतं तेवढं वाक्य पाठ करून बसत नाही. चाळीस मुलांचा वर्ग असेल आणि सात-आठ संच एकाच वेळी चालवले तर पंधरा-वीस मिनिटांत ४०० नोंदी होतात आणि उरलेल्या तासात बेरीज होते.

गंमत बेरजेत आहे. दहा वेळा काढल्यावर बरोबर पाच-पाच येणारी मुलं साधारण चारात एक. सात-तीन किंवा त्याहून एकतर्फी निकाल तीनात एकाला येतो. कुणाच्या वहीत आठ मुली दिसतात. पण सगळ्या वर्गाच्या ४०० नोंदींतल्या मुलींची बेरीज बहुतेक वेळा १८० ते २२० च्या दरम्यान येते. मग विचारावं: आठ मुली आलेल्या वहीत कुणाची चूक होती? कुणाचीच नाही. पुढचा मणी पांढरा येण्याची शक्यता किती? निम्मी, आधी काहीही आलेलं असो. सलग चार मुली होण्याची शक्यता १६ त एक, पण तीन मुली झाल्यावर चौथी होण्याची शक्यता पुन्हा निम्मीच.

इथे एक सावधगिरी. "बाईचा दोष नसतो, पुरुष जबाबदार असतो" असं वाक्य शिक्षक चांगल्या हेतूने सांगतात. त्याने दोष फक्त एका माणसाकडून दुसऱ्याकडे सरकतो. कोणती शुक्रपेशी अंडपेशीपर्यंत पोहोचेल हे वडील ठरवत नाहीत. आहार, तिथी, औषध, पोटाचा आकार, डावी-उजवी कूस यातल्या कशाचाही त्याच्याशी संबंध नाही. "वायचा स्रोत वडील, निवड कुणाचीच नाही" असं लिहून द्यावं. परीक्षेलाही ते चालतं.

वर्गातल्या मुलांच्या भावा-बहिणींची मोजणी करून हेच सिद्ध करण्याचा मोह टाळावा. मुलगा झाल्यावर थांबणारी कुटुंबं असतात, त्यामुळे शेंडेफळांत मुलगे जास्त दिसतात. काही घरांत गर्भलिंग निवडीचा इतिहास असतो, काही मुलं दत्तक असतात. आकडा चुकीचा येतो आणि एखादं मूल उघडं पडतं. प्रत्यक्ष आकडे हवेत तर जनगणनेचे घ्यावेत. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४. जगभर नैसर्गिकरीत्या १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली. मण्यांच्या पिशवीतून ८९४ येत नाही. हा फरक कुठून आला, हे मुलांना विचारलं की वर्ग काही क्षण गप्प होतो आणि मग कुणीतरी सोनोग्राफी म्हणतं. तेव्हा कायदा सांगावा: गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला, आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेआधीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आहे. "सोनोग्राफीत कसं दिसतं?" हा पुढचा प्रश्न हमखास येतो. ध्वनिलहरींवरून प्रतिमा तयार होते हे तत्त्व सांगावं. कितव्या आठवड्यात काय दिसतं याचं वर्णन करायची गरज नाही, आणि नाही का सांगत हेही स्पष्ट सांगावं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो पुस्तकात नसतो आणि ज्याच्याशिवाय पुढचं एकही उत्तर नीट देता येत नाही. गुणसूत्रापासून शरीरापर्यंत मधे काय घडतं? यासाठी फळ्यावर तीन रंगांच्या खडूंनी एकच आकृती काढावी. पांढऱ्या खडूने दोन अंडाकार जननग्रंथी. प्रत्येकीच्या शेजारी दोन उभ्या नलिका, एक निळ्या खडूने, एक लाल. निळी वुल्फियन नलिका, लाल म्यूलेरियन. खाली मध्यभागी एक छोटा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घड्या. वर लिहावं: सहावा आठवडा, एक्सएक्स असो की एक्सवाय. या वेळी दोन्ही गर्भांकडे दोन्ही नलिका असतात आणि जननग्रंथी कुठल्याही दिशेने वाढू शकते.

मग पहिला फाटा. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचं जनुक आहे, १९९० साली लंडनमधल्या संशोधकांनी ते शोधलं. ते सहाव्या-सातव्या आठवड्यात चालू झालं की ग्रंथी वृषण होऊ लागते. वृषणातल्या एका प्रकारच्या पेशी एक संप्रेरक सोडतात ज्यामुळे लाल नलिका विरून जाते. तिथे लाल रेघा डस्टरने पुसाव्यात. दुसऱ्या प्रकारच्या पेशी टेस्टोस्टेरॉन सोडतात, त्यामुळे निळी नलिका टिकते आणि तिची अधिवृषण, शुक्रवाहिनी, शुक्राशय ही मालिका बनते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं आणखी प्रभावी संप्रेरक खालच्या उंचवट्याचं शिश्न करतं आणि घड्या जुळून वृषणकोश होतो. मग आकृती पुन्हा पहिल्यासारखी करून दुसरा फाटा. एसआरवाय नसेल तर दुसरी जनुकं ग्रंथीला अंडाशयाकडे नेतात, निळी नलिका विरते, लाल नलिकेपासून अंडनलिका, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग बनतो, उंचवट्याची शिश्निका होते आणि घड्यांची भगोष्ठं.

"म्हणजे आधी सगळे मुलीच असतात" असं कुणीतरी म्हणतंच, इंटरनेटवर ते फार फिरतं. ते बरोबर नाही. आधी ग्रंथी ना वृषण असते ना अंडाशय, आणि अंडाशय आपोआप होत नाही, त्यालाही स्वतःची जनुकं लागतात. पुरुषांना स्तनाग्रं का असतात, हाही प्रश्न इथेच सुटतो. त्यांचा आराखडा संप्रेरकांचा फाटा फुटण्याआधी तयार झालेला असतो. हा प्रश्न हसत विचारला जातो आणि उत्तर ऐकताना हसू जातं.

ही आकृती दोन्ही बाजूंनी काढून झाली की मगच अपवादांकडे वळावं, कारण आता प्रत्येक अपवाद म्हणजे साखळीतला एक विशिष्ट दुवा वेगळा असणं, हे दाखवता येतं.

एक्सएक्सवाय: वाय आहे, एसआरवाय आहे, म्हणून वृषण बनले. क्लाइनफेल्टर सिंड्रोम असलेली व्यक्ती मुलगा म्हणून जन्मते आणि वाढते. साधारण ५०० ते १००० मुलग्यांत एकाला असतो आणि अनेकांना मोठेपणी मूल होत नाही म्हणून तपासणी केल्यावरच कळतो. फक्त एक्स: टर्नर सिंड्रोम, वाय नाही, म्हणून मुलगी. सुमारे २००० ते २५०० मुलींत एक. उंची कमी राहते, अंडाशयं लवकर क्षीण होतात, वाढीच्या संप्रेरकाने आणि पुढे इस्ट्रोजेनने उपचार होतात. परीक्षेसाठी ४४ + एक्स आणि ४४ + एक्सएक्सवाय लिहून घ्यावं, पण "वंध्य", "अविकसित" हे शब्द फळ्यावर मोठ्या अक्षरांत नकोत. "अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते" हे जास्त अचूकही आहे, कारण आजच्या उपचारांनी काही क्लाइनफेल्टर पुरुषांना मूल होतं.

पुढचे दोन दुवे पुस्तकात नाहीत, दहावीच्या वर्गाला मात्र पेलतात. गुणसूत्रं एक्सवाय, वृषण शरीरात आत आहेत, टेस्टोस्टेरॉन भरपूर आहे, पण ते ओळखणारा ग्राही काम करत नाही. लाल नलिका पुसली गेली म्हणून गर्भाशय नाही. खालच्या भागाला संदेश पोहोचला नाही म्हणून बाह्य शरीर मुलीचं. अशी व्यक्ती मुलगी म्हणून वाढते आणि पाळी येत नाही तेव्हा कळतं. दुसरं उदाहरण उलट बाजूचं. गुणसूत्रं एक्सएक्स, अंडाशय आणि गर्भाशय आहेत, पण अधिवृक्क ग्रंथीतल्या एका विकराच्या कमतरतेमुळे गर्भातच पुरुषी संप्रेरकं वाढतात आणि बाह्य अवयव चटकन ओळखू येत नाहीत असे होतात. यात जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरातलं मीठ झपाट्याने कमी होऊन बाळाच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे डॉक्टर तातडीने लागतो. ही माहिती मुलांना सांगण्यासारखी आहे. कुठल्या तरी घरात कधी तरी ती उपयोगी पडेल.

"अशी माणसं किती?" इथे शिक्षक दोन टोकांच्या आकड्यांत सापडतात. मुलं मोबाइलवर १.७ टक्के वाचून येतात, दुसरं कुणी ०.०१८ टक्के वाचून येतं, आणि वर्गात भांडण लागतं. दोन्ही आकडे शास्त्रीय लेखांत आहेत. फरक व्याख्येचा आहे. पहिल्यात टर्नर, क्लाइनफेल्टर आणि मुख्यतः अधिवृक्क ग्रंथीचा एक सौम्य, उशिरा दिसणारा प्रकार धरलेला आहे, आणि एकट्या त्या सौम्य प्रकाराचा वाटा १.५ टक्क्यांच्या आसपास आहे. दुसऱ्यात फक्त अवयव संदिग्ध असलेल्या किंवा गुणसूत्रं आणि शरीर यांचा मेळ न बसणाऱ्या व्यक्ती आहेत. जन्मतः बाह्य अवयवांवरून लिंग सांगता येत नाही असं सुमारे ४५०० ते ५५०० बाळांत एकदा होतं. वर्गाला आकडा देण्याआधी "काय मोजलं?" हे विचारायला लावावं. संख्या कमी आहे म्हणून ती माणसं दुर्लक्षून चालत नाहीत, आणि जास्त दाखवून त्यांचा मान वाढतो असंही नाही.

दुसऱ्या सजीवांची उदाहरणं जरूर द्यावीत, आपल्याकडची द्यावीत. रत्नागिरीतल्या वेळासला आणि गोव्यात मोरजीला अंडी घालणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांत लिंग गुणसूत्रंच नसतात, वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. रायगडच्या खाड्यांतला जिताडा मासा आधी नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. मधमाशीत नर अफलित अंड्यातून येतो, त्याला १६ गुणसूत्रं, राणीला आणि कामकरी माश्यांना ३२. कोंबडीत उलटं आहे, दोन वेगळी लिंग गुणसूत्रं मादीकडे असतात, म्हणजे पिल्लू नर की मादी हे कोंबडीच्या अंडपेशीवरून ठरतं. गांडुळात दोन्ही अवयव एकाच शरीरात. पपईची फुलं वर्गात आणता आली तर फार चांगलं: नर झाडाची लांब लोंबत्या देठावर गुच्छाने येणारी बारीक फुलं, मादीचं पानाच्या बेचक्यात खोडालगत बसणारं जाड फूल, ते उभं चिरलं की फुगीर अंडाशय दिसतो आणि पुंकेसर दिसत नाहीत, आणि उभयलिंगी फुलात दोन्ही. पण यातून माणसाबद्दल निष्कर्ष काढू देऊ नयेत. जिताडा बदलतो म्हणून माणूस बदलतो असं नाही, आणि एखादी गोष्ट प्राण्यांत दिसत नाही म्हणून ती माणसात वाईट असंही नाही. ही उदाहरणं एकच गोष्ट सिद्ध करतात: लिंग ठरवण्याच्या यंत्रणा अनेक आहेत, युग्मकांचे प्रकार मात्र तेच दोन.

"हिजडा म्हणजे काय?" हा प्रश्न बहुधा मागच्या बाकावरून, दबक्या हसण्यासोबत येतो. ओरडू नये. शब्द बदलून उत्तर द्यावं: "तृतीयपंथी व्यक्तींबद्दल विचारतो आहेस. त्यांच्यापैकी बहुतेकांची गुणसूत्रं नेहमीसारखीच असतात. जन्मतः जे लिंग नोंदवलं गेलं ते आपलं नाही असं त्यांना आतून वाटतं. हा प्रश्न रेघेखालचा आहे. काहींच्या शरीराची घडण जन्मतः वेगळी असू शकते, ती रेघेवरची गोष्ट, आणि दोन्ही एकच नाहीत. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायदेशीर मान्यता दिली. त्या शब्दाचा शिवी म्हणून वापर या वर्गात होणार नाही." एवढी पाच-सहा वाक्यं, एका सुरात, आणि पुढचा प्रश्न. लांबवलं की भाषण होतं आणि मुलं कान मिटतात.

"माणसाला लिंग बदलता येतं का?" याचं उत्तर यादीवर बोट ठेवत, ओळीओळीने द्यावं. युग्मकं: नाही, वृषण असलेल्या शरीरात अंडपेशी तयार करता येत नाहीत, उलटही नाही. गुणसूत्रं: नाही. संप्रेरकं: डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचारांनी बदलता येतात आणि त्याने आवाज, केस, स्नायू, स्तन यांत फरक पडतो. अवयव: काही प्रमाणात, शस्त्रक्रियेने. कागदोपत्री ओळख: कायद्याने ठरवलेल्या पद्धतीने. मग "हे बरोबर की चूक?" असं विचारलं जातं. ते घरोघरी वेगळं मानलं जातं, आणि विज्ञानाच्या तासाला शिक्षकाने आपलं मत मुलांवर लादू नये, कुठल्याही बाजूचं. कुणाला त्यावरून त्रास द्यायचा नाही, हा मात्र मताचा प्रश्न नाही, शाळेचा नियम आहे.

खेळाडूंचे प्रश्न ऑलिंपिकच्या वर्षी येतातच. नियमांचा इतिहास सांगता येतो: धावपटू द्युती चंदला २०१४ साली टेस्टोस्टेरॉनच्या पातळीवरून बाहेर ठेवलं गेलं, २०१५ साली क्रीडा लवादाने तो नियम स्थगित केला, आणि सप्टेंबर २०२५ पासून जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने महिला गटासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी आणली. फळ्यावरच्या साखळीत कुठल्या काळी कुठला दुवा तपासला गेला, हे मुलं स्वतः दाखवू शकतात. कुठला दुवा धरावा हे ठरवताना न्याय, सुरक्षितता, खासगीपणा असे इतर विचारही येतात. एखाद्या खेळाडूचं नाव घेऊन तिच्या शरीराबद्दल अंदाज बांधू द्यायचा नाही. डॉक्टरी अहवाल आपल्यासमोर नाही, आणि असता तरी तो वर्गात वाचायचा नसतो.

ज्या प्रश्नांमागे मूल स्वतः उभं असतं ते ओळखता आले पाहिजेत. "एखाद्या मुलीला पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर?" याचं उत्तर सगळ्या वर्गाला द्यावं: पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, किंवा तेरापर्यंत स्तनांची वाढच सुरू झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. बहुतेक कारणं साधी असतात, आणि पाळी न आल्याने कुणी मुलगी असायचं थांबत नाही. मुलग्यांत चौदापर्यंत वयात येण्याची काहीच चिन्हं नसतील तर तेच. आणि एक गोष्ट न विचारताच सांगावी: वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांच्या छातीत थोडी गाठ किंवा फुगवटा येतो, दुखतोही, आणि बहुतेकांत सहा महिने ते दोन वर्षांत जातो. यावरून मुलं एकमेकांना फार छळतात, कपडे बदलायला लाजतात, खेळ सोडतात. हे एक वाक्य वर्गात मोठ्याने बोलल्याने कुणाचं तरी वर्ष सुधारतं. पुढची तपासणी हवी असेल तर शाळेत येणारं आरोग्य पथक आणि सरकारी रुग्णालयातलं मैत्री क्लिनिक या दोन जागा पालकांना सांगाव्यात.

याच कारणासाठी गालाच्या आतल्या पेशींची स्लाइड मिथिलिन ब्लूने रंगवताना त्यात लिंगाशी संबंधित ठिपका शोधण्याचा उद्योग करू नये. एक्सएक्स पेशींत निष्क्रिय एक्सचा गडद ठिपका असतो खरा, पण तो सगळ्या केंद्रकांत दिसत नाही, शाळेच्या सूक्ष्मदर्शकात तर फारच फसवा, आणि एखाद्या मुलीच्या स्लाइडमध्ये दिसला नाही की वर्ग काय बोलेल याचा विचार करावा. मुलांच्या स्वतःच्या शरीरावर लिंगाची कुठलीही चाचणी वर्गात होता कामा नये.

प्रश्न गोळा करायला बंद पेटी ठेवावी, पण एका अटीवर: सारख्या आकाराचे कागद, प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल त्याने पुस्तकातली एक ओळ उतरवायची. नाहीतर कोण लिहितंय याकडेच सगळे बघतात. पेटी शिक्षकानेच उघडावी, आदल्या दिवशी, आणि चिठ्ठ्या कधीही तशाच्या तशा वाचू नयेत, कारण अक्षराइतकीच भाषेची ढबही ओळखू येते. आपल्या शब्दांत प्रश्न मांडावा. मुलगे आणि मुली एकत्र बसलेले असताना उत्तर द्यावं. वेगळं बसवलं की दोघांनाही वाटतं दुसऱ्याला काहीतरी खास सांगितलं. पाळीच्या स्वच्छतेसारख्या गोष्टींसाठी मुलींशी बाईंनी वेगळं बोलणं ठीक, पण शरीरशास्त्र दोघांना सारखंच. उत्तर माहीत नसेल तर "उद्या बघून सांगतो" म्हणावं आणि खरंच दुसऱ्या दिवशी सांगावं. न सांगितलं तर पेटी रिकामी होऊ लागते.

चिठ्ठीत किंवा तासानंतर एखाद्या मुलाने कुणी स्पर्श केल्याचं सुचवलं तर तो जीवशास्त्राचा प्रश्न राहत नाही. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नये. खोदून विचारू नये, मुलाचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवावेत. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं ही ज्याला कळलं त्या प्रत्येकाची जबाबदारी आहे. मुख्याध्यापकांना सांगितलं म्हणजे ती संपत नाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर कायमचा लिहिलेला असावा.

पालकांची तक्रार येईल हे धरून चालावं. पाठाच्या टाचणात उद्दिष्टं, आकृती, मण्यांचा प्रयोग आणि अपेक्षित प्रश्नांची दोन-दोन ओळींची उत्तरं आधीच लिहून मुख्याध्यापकांची सही घ्यावी. पाठ सुरू होण्याआधीच्या पालक सभेत ती आकृती फळ्यावर काढून दाखवावी, मुलांना सांगणार तेच शब्द वापरून. "आमच्या मुलाला हे कशाला शिकवता" म्हणणाऱ्या पालकाला पुस्तकातला धडा दाखवावा आणि सहाव्या आठवड्यापासूनची आकृती समजावून सांगावी. बऱ्याच जणांना ती पहिल्यांदाच कळलेली असते, आणि मग सभा संपल्यावर तेच पालक हळू आवाजात स्वतःचे प्रश्न विचारायला थांबतात. त्यांनाही यादीतल्या ओळी दाखवत तशीच उत्तरं द्यावीत.